संगणकांचे जाळे : तारेचे आणि बिनतारी
बारामतीच्या औद्योगिक क्षेत्रापासून इंदापूरच्या ग्रामपंचायतीपर्यंत

बारामतीहून भिगवणकडे जाणाऱ्या रस्त्याने निघाले की, विद्यानगरीचा शैक्षणिक परिसर आणि त्याच्या आसपास पसरलेले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे क्षेत्र दृष्टीस पडते. वाहने, दुग्धपदार्थ, चॉकलेट, कापड अशा विविध वस्तूंचे उत्पादन येथे होते. १९६२ साली स्थापन झालेल्या या महामंडळाने रस्ते, पाणी आणि वीज या तीन सुविधांच्या बळावर राज्यात ठिकठिकाणी औद्योगिक क्षेत्रे उभी केली. आज या तिन्हींच्या जोडीला चौथी सुविधा तितकीच आवश्यक ठरली आहे. ती म्हणजे संगणकांना परस्परांशी जोडणारे जाळे.

ही गरज केवळ कारखान्यांचीच आहे, असे मात्र नाही. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील ग्रामपंचायत, शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, सहकारी संस्था आणि स्वस्त धान्य दुकान यांचे दैनंदिन कामकाजही या जाळ्यावर अवलंबून आहे. सातबाराचा उतारा, जन्माची नोंद, शिष्यवृत्तीचा अर्ज यांपैकी कशासाठीही आलेल्या ग्रामस्थास ‘नेट गेले आहे, उद्या या,’ असे उत्तर मिळाले, तर त्याची एका दिवसाची मजुरी बुडते. शासनाच्या योजनेचे मोल त्याच्या लेखी त्या उत्तरानेच ठरते.

‘नेट गेले’ हे दोन शब्द ऐकावयास सोपे असले, तरी त्यांत चार-पाच निरनिराळे बिघाड दडलेले असू शकतात. गावातील संगणक आणि दूरच्या शहरातील माहितीसाठा यांच्यामध्ये एकच तार नसते. त्यांच्यामध्ये दुव्यांची एक साखळी असते. त्यातील काही दुवे तारेचे, तर काही बिनतारी असतात. कोणता दुवा कसा चालतो आणि तो कोणाच्या ताब्यात आहे, हे ज्या पंचायतीस ठाऊक असते, ती योग्य ठिकाणी तक्रार करू शकते आणि स्वतःच्या हातातील दोष स्वतः दूर करू शकते. म्हणूनच या साखळीची ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल.

एका आवारातील जाळे

दूध घेऊन आलेल्या टँकरचे उदाहरण घेऊ. फाटकाजवळच्या काट्यावर त्याचे वजन होते, प्रयोगशाळेत स्निग्धांश तपासला जातो आणि लेखा विभागात त्यावरून देयक तयार होते. तिन्ही ठिकाणी संगणक असूनही ते एकमेकांशी जोडलेले नसतील, तर प्रत्येक आकडा कागदावर उतरवून माणसाच्या हाती पाठवावा लागेल. एकाच इमारतीतील किंवा आवारातील संगणकांना जोडणाऱ्या अशा व्यवस्थेस स्थानिक क्षेत्र जाळे किंवा ‘लॅन’ असे म्हणतात.

या जाळ्यातून माहिती अखंड प्रवाहाच्या स्वरूपात जात नाही. तिचे लहान लहान भाग पाडले जातात. प्रत्येक भागावर टपालाच्या पाकिटाप्रमाणे पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. या भागास ‘पॅकेट’ म्हणतात. सर्व संगणकांच्या तारा एका पेटीत एकत्र येतात. तिचे नाव ‘स्विच’. टपाल कार्यालयातील वर्गवारी करणाऱ्या कर्मचाऱ्याप्रमाणे स्विच प्रत्येक पॅकेटवरील पत्ता वाचतो आणि ज्या तारेवर तो संगणक असेल, त्याच तारेवर ते पाठवितो. आवाराबाहेरच्या पत्त्यावरची पॅकेटे ‘राउटर’ नावाच्या दुसऱ्या यंत्राकडे सोपविली जातात. राउटर म्हणजे आवाराची वेस होय.

तांब्याच्या ज्या केबलने हे संगणक जोडले जातात, तिच्यात आठ बारीक तारा असून त्यांच्या चार जोड्या पीळ देऊन बनविलेल्या असतात. हा पीळ निव्वळ मजबुतीसाठी दिलेला नसतो. जवळच्या मोटारीमुळे किंवा विजेच्या तारेमुळे जो उपद्रवी प्रवाह निर्माण होतो, तो जोडीतील दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो. ग्राहक यंत्र दोन तारांतील फरक तेवढाच मोजते. त्यामुळे दोन्हींवर सारखा पडलेला उपद्रव आपोआप वजा होतो. अशा केबलवरून दर सेकंदास १०० कोटी बिट, म्हणजे माहितीचे १०० कोटी सूक्ष्मतम अंश, सहज पाठविता येतात. मात्र तिची लांबी १०० मीटरपेक्षा अधिक असू नये, असा दंडक आहे. कारखान्याच्या दोन शेडमधील अंतर याहून अधिक असेल, तर तेथे प्रकाशतंतूची केबल वापरणे श्रेयस्कर ठरते. काच विजेची वाहक नाही. त्यामुळे वळवाच्या पावसात कडाडणाऱ्या विजेचा आघात तंतूवाटे एका इमारतीतून दुसरीत जाण्याचा धोकाही राहत नाही.

या पद्धतीस ‘इथरनेट’ असे नाव आहे. तिचा उगम बिनतारी जाळ्यात झाला, ही एक मनोरंजक बाब आहे. १९७१ साली नॉर्मन अब्रामसन यांच्या नेतृत्वाखाली हवाई विद्यापीठाने बेटाबेटांवरील ठिकाणे रेडिओ लहरींनी आपल्या मुख्य संगणकाशी जोडली. सर्वांनी एकच लहरमार्ग वापरावा आणि दोघांचे संदेश एकमेकांवर आदळल्यास थोडे थांबून ते पुन्हा पाठवावेत, असा तेथील नियम होता. त्या प्रयोगाचा अभ्यास करून रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात तीच कल्पना तारेवर आणली. आज स्विचमुळे प्रत्येक संगणकास स्वतंत्र तार मिळते आणि तारेवरची ही टक्कर जवळजवळ इतिहासजमा झाली आहे. हवेतील टक्कर मात्र कायम आहे.

हवेतील सभा

कारखान्यात माल हलविणाऱ्या वाहनावरील यंत्राला किंवा गोदामात खोक्यांची मोजदाद करणाऱ्या कामगाराच्या हातातील उपकरणाला तार जोडता येत नाही. शाळेच्या जुन्या इमारतीतही प्रत्येक वर्गात केबल नेणे परवडत नाही. अशा ठिकाणी बिनतारी स्थानिक जाळे, म्हणजेच ‘वाय-फाय’, उपयोगी पडते. यासाठी भिंतीवर किंवा छतास एक छोटे प्रक्षेपक-ग्राहक यंत्र बसवितात. ते यंत्र स्वतः मात्र बहुधा तारेनेच स्विचला जोडलेले असते.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वाय-फायची खूण पूर्ण दिसत असली, तरी तिचा अर्थ एवढाच की, खोलीतील यंत्रापर्यंतचा दुवा ठीक आहे. त्या यंत्राच्या पुढची केबल तुटलेली असेल, तर ती खूण पूर्ण असूनही काम होणार नाही.

बिनतारी जाळ्याची तुलना ग्रामसभेशी करता येईल. सभागृह एकच असते. एका वेळी एकाच सभासदाने बोलावे, बोलण्यापूर्वी कोणी बोलत नाही ना, याची खात्री करून घ्यावी आणि दोघे एकदम बोलू लागल्यास दोघांनीही थांबावे, हे नियम पाळले तरच सभा चालते. वाय-फाय उपकरणेही प्रथम हवेतील हालचाल ऐकतात, मार्ग मोकळा आढळल्यावर क्षणभर थांबतात आणि मगच संदेश पाठवितात. याचाच अर्थ असा की, खोक्यावर छापलेला वेग एकट्याच्या वाट्याचा नसतो. तो सर्वांनी वाटून घ्यावयाचा असतो. एका यंत्रावर शाळेतील ४० विद्यार्थी एकाच वेळी चित्रफीत पाहू लागले, तर प्रत्येकाची गती मंदावते. यात यंत्राचा दोष नसतो.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली ठरावीक शक्तिमर्यादेत परवान्यावाचून वापरण्यास खुला झाला. त्यानंतर ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे पट्टेही खुले करण्यात आले. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून तुलनेने चांगल्या पार होतात. परंतु त्या पट्ट्यात गर्दी फार असते. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा अधिक आणि वेग जास्त असला, तरी पल्ला कमी पडतो. पत्र्याची शेड, लोखंडी कपाट आणि पाण्याची टाकी या तिन्ही गोष्टी लहरींना अडथळा आणतात. म्हणून ग्रामपंचायतीचे यंत्र लोखंडी कपाटामागे ठेवणे म्हणजे वक्त्यास पडद्याआड उभे करण्यासारखे आहे.

शहराएवढे जाळे

एका आवारातील जाळे उभे राहिले, तरी अनेक आवारे परस्परांशी जोडण्याचा प्रश्न उरतोच. औद्योगिक क्षेत्र, महाविद्यालये, रुग्णालये, बँका, नगरपरिषद आणि तहसील कार्यालय यांना जोडणाऱ्या, काही किलोमीटरपासून काही दशक किलोमीटरपर्यंत पसरलेल्या व्यवस्थेस महानगर क्षेत्र जाळे किंवा ‘मॅन’ म्हणतात. नावात महानगर असले, तरी बारामतीसारख्या तालुक्याच्या शहरासही ही रचना तितकीच लागू पडते. स्थानिक आणि महानगर जाळ्यांची मानके ठरविण्यासाठी विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने फेब्रुवारी १९८० मध्ये एक समिती नेमली. एका कंपनीचा संगणक दुसऱ्या कंपनीच्या स्विचशी विनासायास बोलू शकतो, याचे बरेचसे श्रेय तिने आखून दिलेल्या मानकांना जाते.

अशा जाळ्याचा कणा म्हणजे प्रकाशतंतू. केसाएवढ्या जाडीच्या या काचेच्या तंतूतून प्रकाशाचे स्पंद धाडले जातात. तंतूचा गाभा आणि त्याभोवतीचे आवरण यांच्या काचेत थोडा फरक ठेवलेला असतो. त्यामुळे प्रकाश आवरणाबाहेर न पडता आतल्या आत परावर्तित होत पुढे सरकतो. भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ नरिंदरसिंग कपानी यांनी १९५० नंतरच्या दशकात लंडन येथे या विषयात मूलभूत संशोधन केले. काच पुरेशी शुद्ध असेल, तर तंतूतून दूरवर संदेश पाठविता येतील, असे चार्ल्स काओ यांनी १९६६ साली दाखवून दिले. आजच्या तंतूतून १५ किलोमीटर प्रवास केल्यानंतरही सुमारे निम्मा प्रकाश शिल्लक राहतो.

पुणे जिल्ह्यातच याचे एक उत्तम उदाहरण आहे. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. आकाशातून येणाऱ्या अत्यंत क्षीण रेडिओ लहरी टिपण्याचे काम त्या करतात. त्यांनी टिपलेले संकेत मध्यवर्ती केंद्रात आणण्यासाठी प्रकाशतंतूंचाच उपयोग केला जातो. बिनतारी लहरींचा अभ्यास करणाऱ्या केंद्रालाही आपली माहिती वाहून नेण्यासाठी काचेच्या तंतूचा आश्रय घ्यावा लागतो, यातच दोन्ही साधनांचे परस्परपूरक स्वरूप स्पष्ट होते.

शहराच्या जाळ्यात केबल शक्यतो वलयाकृती टाकतात. एखाद्या ठिकाणी ती तुटली, तरी माहिती उलट दिशेने फिरून इच्छित स्थळी पोहोचते. फांदीसारख्या जाळ्यात ही सोय नसते. फांदी तुटली की, तिच्यापुढची सर्व पाने सुकतात.

जेथे खोदकाम शक्य नाही किंवा तातडीने जोडणी हवी आहे, तेथे दोन मनोऱ्यांवर समोरासमोर तबकड्या बसवून बिनतारी दुवा उभारता येतो. येथे दोन्ही टोके एकमेकांना दिसणे आवश्यक असते. इतकेच नव्हे, तर दृष्टिरेषेच्या भोवतालीही मोकळी जागा लागते. ५.८ गिगाहर्ट्झवर १० किलोमीटरचा दुवा असेल, तर मध्यभागी दृष्टिरेषेच्या सभोवार सुमारे ११ मीटर त्रिज्येचा पट्टा शक्यतो निर्वेध असावा लागतो. सपाट माळावर उन्हाळ्यात उत्तम चाललेला दुवा काही वर्षांनी वाढलेल्या झाडांमुळे किंवा नव्या इमारतीमुळे मंदावतो, याचे कारण हेच होय.

गावाचा दुवा

तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या राष्ट्रीय योजनेस केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. हीच योजना पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या पहिल्या रचनेचे कार्य समजून घेण्यासाठी बारामती-इंदापूरच्या वाचकांना नीरा डाव्या कालव्याचे उदाहरण जवळचे वाटेल.

मुख्य कालव्यातून वितरिका आणि वितरिकेतून चाऱ्या फुटाव्यात, त्याप्रमाणे दूरध्वनी केंद्रातून निघालेल्या एका तंतूतील प्रकाश ‘स्प्लिटर’ नावाच्या काचेच्या घटकाद्वारे अनेक शाखांत विभागला जातो. या घटकास विजेची गरज नसते. केंद्राकडून गावाकडे येणारा संदेश सर्व शाखांत जातो. तो सांकेतिक लिपीत बंद असल्याने ज्याचा त्यालाच उलगडतो. गावाकडून केंद्राकडे जाणाऱ्या संदेशांची मात्र एकाच तंतूत गर्दी होऊ नये, म्हणून केंद्रातील यंत्र प्रत्येक ग्रामपंचायतीस पाठविण्याची पाळी ठरवून देते. आवर्तनाच्या वेळी ज्याची पाळी त्याने पाणी घ्यावे, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की, कालव्याची पाळी तासांनी मोजतात, तर येथील पाळी सेकंदाच्या काही सहस्रांश भागातच पुन्हा येते. केंद्राकडून गावाकडे दर सेकंदास सुमारे २५० कोटी आणि उलट दिशेने सुमारे १२५ कोटी बिट, ही या पद्धतीची एकूण क्षमता असून ती सर्व शाखांत वाटली जाते.

कालव्याच्या शेवटच्या टोकावरील शेतकऱ्यास, म्हणजे ‘टेल’च्या शेतकऱ्यास, पाणी अपुरे आणि अनिश्चित मिळते, ही तक्रार इंदापूर तालुक्यास नवीन नाही. फांदीच्या रचनेतील शेवटच्या ग्रामपंचायतीचीही स्थिती तशीच असते. वरच्या गावात जलवाहिनीसाठी चर खोदताना केबल तुटली, तर खालच्या गावातील दाखले थांबतात. हा दोष ध्यानात घेऊन ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात तालुका ते ग्रामपंचायत ही जोडणी वलयाकृती करण्याचे आणि जाळ्याच्या १० वर्षांच्या देखभालीची तरतूद करण्याचे ठरविण्यात आले. जाळे टाकणे आणि जाळे चालू ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्यातून धोरण म्हणून मान्य झाले.

गरज आधी, साधन नंतर

वेगवान जाळे हेच नेहमी योग्य जाळे, असेही नाही. उसाच्या शेतातील ओलावा मोजणाऱ्या संवेदकास दिवसातून काही वेळा चार-दोन आकडेच पाठवावयाचे असतात. त्यासाठी केबल नको आणि वाय-फायही नको. त्याला हवे ते अत्यल्प वीज घेऊन काही किलोमीटरपर्यंत पोहोचणारे मंदगती बिनतारी जाळे. भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या पुढील एक छोटा पट्टा अशा उपकरणांसाठी परवान्यावाचून उपलब्ध आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो उपक्रम हाती घेतला आहे, त्यात जमिनीतील संवेदक, हवामान केंद्रे आणि उपग्रहाची छायाचित्रे यांची सांगड घातली जाते. शेतातून तो आकडा वेळेवर बाहेर पडला नाही, तर पुढची सारी बुद्धिमत्ता निरुपयोगी ठरेल.

या संदर्भात वारणा परिसराचा अनुभव मार्गदर्शक आहे. १९९८ साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी वारणानगर येथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावोगावच्या केंद्रांत संगणक बसले. काही वर्षांनी संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा त्या संगणकांचा मुख्य उपयोग ऊसतोडीची परवानगी, उसाचे वजन, खताची उचल अशा साखर कारखान्याशी संबंधित मोजक्या नोंदींसाठीच होत असल्याचे आढळले. त्यानंतर सात गावांत हेच काम भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशांद्वारे करून पाहण्यात आले. ते अधिक स्वस्त आणि शेतकऱ्यांना अधिक सोयीचे ठरले. तारेपेक्षा बिनतारी साधन श्रेष्ठ, असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे होईल. कोणते काम करावयाचे आहे, हे आधी ठरवावे आणि साधन त्यानंतर निवडावे, हाच त्या अनुभवाचा खरा बोध आहे.

पंचायतीच्या हाती काय आहे?

आता आरंभीच्या ‘नेट गेले’ या उत्तराकडे पुन्हा वळू. पुढील क्रमाने पाहिल्यास दोष कोणत्या दुव्यात आहे, ते बहुतेक वेळा कळून येते.

पहिली गोष्ट वीज. तंतू आणि स्प्लिटर यांना गावात वीज लागत नाही, परंतु ग्रामपंचायतीतील यंत्रास लागते. बॅटरी संच निकामी झाला असेल, तर भारनियमनाच्या काळात तंतू शाबूत असूनही काम थांबते. हा दोष पंचायतीच्या कक्षेतील आहे.

दुसरी गोष्ट यंत्रावरील दिवे. तंतूतून प्रकाश येत नसल्यास अशा यंत्रांवर बहुधा तांबडा दिवा लागतो. तो लागला असेल, तर केबल तुटली किंवा निसटली आहे, असे समजावे आणि सेवा देणाऱ्या यंत्रणेकडे तशी स्पष्ट तक्रार नोंदवावी. ‘नेट नाही’ या तक्रारीपेक्षा ‘तंतूतून प्रकाश येत नाही’ ही तक्रार अधिक उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट खोलीतील दुवा. वाय-फायवर काम होत नसेल, तर तोच संगणक केबलने जोडून पाहावा. केबलवर काम सुरळीत झाले, तर दोष वाय-फायच्या जागेत किंवा गर्दीत आहे. दाखले देणारा संगणक कायम केबलनेच जोडावा आणि वाय-फाय अभ्यागतांसाठी वेगळ्या सांकेतिक शब्दासह ठेवावे, हे उत्तम.

चौथी गोष्ट पलीकडचे टोक. इतर सर्व संकेतस्थळे उघडत असतील आणि एकच उघडत नसेल, तर दोष गावात नसून त्या माहितीसाठ्याच्या ठिकाणी आहे. अशा वेळी ग्रामस्थास दुसऱ्या गावी पाठविण्यात काहीच अर्थ नसतो. तेथेही तीच अडचण येणार.

याखेरीज एक कर्तव्य असे आहे की, जे पंचायतीवाचून अन्य कोणी पार पाडू शकणार नाही. गावातील केबल कोणत्या बाजूने, कोणत्या खुणेपासून किती अंतरावर गेली आहे, याचा साधा नकाशा दप्तरी असावा. जलवाहिनी, गटार किंवा रस्त्याचे काम सुरू करण्यापूर्वी तो ठेकेदारास दाखवावा. खोदकामाची पूर्वसूचना केबलच्या मालक यंत्रणांना देण्यासाठी मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे उपयोजन सुरू झाले आहे. त्याचा वापर करण्याची अट कामाच्या आदेशातच घालता येईल. तुटलेला तंतू सांधण्यासाठी कुशल कारागीर आणि विशेष यंत्र लागते. ते गावात पोहोचेपर्यंत जे दिवस जातात, त्यांची किंमत दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्या ग्रामस्थास मोजावी लागते.

औद्योगिक क्षेत्रातील कारखाना आपल्या जाळ्यासाठी स्वतंत्र अभियंता नेमू शकतो. ग्रामपंचायतीस ते शक्य नाही. परंतु एक प्रशिक्षित कर्मचारी, जाणकार शिक्षक आणि दक्ष सदस्य यांच्या सहकार्याने गावाकडील दुवे निश्चितच सुस्थितीत राखता येतील. कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचावयाचे, तर चारीची निगा गावालाच राखावी लागते. माहितीच्या या नव्या कालव्यालाही तोच नियम लागू आहे.